भिवाजी कंडक्टरची डबल बेल

केनवडात येऊन नुसतं ‘भिवाजी’ विचाराल तर लोक तुम्हालाच विचारतील, कोणता? पण ‘भिवाजी कंडक्टर’ म्हणा, एखादं पोरगं थेट ओट्यापर्यंत आणून सोडील. नोकरी सुटून वर्षं झाली, खाकी कपडे पेटीत गेले, पण माणूस काही गाडीतून उतरला नाही. हॉटेलात चहा प्यायला गेला तरी भिवाजी आधी बाकावर नजर फिरवतो. तिघं पसरून बसलेले दिसले की म्हणतो, “सरका ना बाप्पा जरासे, मधात एक जागा हाय.” तिथं चौथा बसवतो आणि मगच स्वतः टेकतो. लग्नाच्या पंगतीत तर त्याला मुद्दाम बोलावतात. जागेवरून भांडण होत नाही.

त्याची एक गोष्ट अजून मालेगावच्या स्टँडवर सांगतात. लग्नसराईचे दिवस, कारंजाहून मेहकरला जाणारी गाडी. किन्हीराजाला एक वऱ्हाड चढलं, बँडसकट. मालेगावला दुसरं चढलं, तेही बँडसकट. गाडी हलली तशी दोन्हीकडची पिपाणी सुरू झाली. एक गाणं इकडून, एक तिकडून. ड्रायव्हर म्हणाला, मी गाडी उभी करतो, माझं डोकं फुटेल. दोन्ही नवरदेव एकमेकांकडे असे पाहायला लागले की जणू एकाच नवरीला चालले आहेत. भिवाजीनं दोरी धरली. “आयका! एक बेल झाली की किन्हीराजावाल्यानं बंद करायचं. डबल बेल झाली की मालेगाववाल्यानं सुरू. परत एक बेल झाली की हे बंद, डबल झाली की ते सुरू. जो मधात वाजवील त्याचा ढोल टपावर जाईन.” मग काय, बेल वाजायची, एक बँड थांबायचा, डबल व्हायची, दुसरा सुरू. केनवड येईपर्यंत दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या गाण्यावर डोलायला लागली होती. उतरताना एका नवरदेवाच्या मामानं दुसऱ्या वऱ्हाडाला जेवायचं आवतण दिलं.

तर असा हा माणूस. आणि त्याच्या घरात शिरलं ते मीटिंगचं खातं.

त्याचं असं झालं. भिवाजीची सून रूपा बी.एड. झालेली. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं गावातल्या पोरांची शिकवणी धरली, आणि पुढं बाहेरगावची पोरं जमली तशी ती शिकवणी लॅपटॉपवर आली. फुकटातली मीटिंग चाळीस मिनिटांत बंद व्हायची. गणित अर्ध्यावर, उत्तर पुढच्या दिवशी. म्हणून विनोदनं, म्हणजे भिवाजीच्या मुलानं, पैसे भरून पक्कं खातं काढलं. नंबर कोणाचा द्यायचा? विनोद वाशीमला बियाण्यांच्या कंपनीत, मोटरसायकलवर रोज जाणं-येणं. त्याचे नंबर बदलत राहायचे. भिवाजीचा नंबर पहिल्यापासून एकच. म्हणून खातं भिवाजीच्या नंबरवर, नाव भिवाजी इंगोले, आणि फोटो त्याच्या फोनमध्ये होता तो: खाकी, टोपी, खांद्याला चामड्याची पेटी.

भिवाजीच्या घरची रीतच अशी की वस्तू आली म्हणजे ती सगळ्यांची. एक छत्री चौघांची. एक चष्मा नवराबायकोचा. पेपर तो वाचायचा, तांदूळ ती निवडायची. मग खातं एकट्या रूपाचं कसं राहील? लॅपटॉपवर रूपाची शिकवणी. विनोदच्या फोनवर कंपनीची मीटिंग. दुर्गाबाई, म्हणजे आपल्या कंडक्टरीणबाई, बचत गटाच्या अध्यक्ष. त्यांचं प्रशिक्षण टॅबवर. आणि रविवारी सकाळी भिवाजीच्या फोनवर जुन्या ड्रायव्हर-कंडक्टरांची बैठक, तिथं सगळे एकदमच बोलत आणि कोणाला काही ऐकू येत नसे, म्हणून मजा फार.

चौघं चार ठिकाणी दिसत, पण नाव एकच. दुर्गाबाईच्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “भिवाजी इंगोले, तुमचा माइक बंद करा.” दुर्गाबाई फणकारली, “मी कायले भिवाजी? मी त्याची बायको हाय! त्याचा माइक बंद करून पाहा, होते का!” विनोदनं कॅमेरा बंद ठेवला की त्याच्या साहेबाला खाकीतला माणूस दिसायचा. साहेब नवीन होता. पहिले काही दिवस तो विनोदशी फार अदबीनं बोलला.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. पण एका संध्याकाळी रूपा पोरांना गुणाकार शिकवत होती आणि ओसरीत दुर्गाबाईच्या टॅबवर एक पट्टी आली: तुमची मीटिंग दुसऱ्या यंत्रावर चालू आहे, इकडे घ्यायची का? दुर्गाबाईला वाटलं गटाची मीटिंग लागली. तिनं पट्टी दाबली. झालं! रूपाच्या लॅपटॉपवरचा वर्ग उडाला तो थेट टॅबवर. पोरांसमोर मॅडमच्या जागी मॅडमची सासू, हातात मेथीची जुडी. इकडे रूपाला तशीच पट्टी दिसली, तिनं दाबली, वर्ग परत ओढला. दुर्गाबाईला वाटलं आपली मीटिंग पळाली, तिनं पुन्हा ओढला. बराच वेळ ही फुगडी चालली. शेवटी एका पोरानं विचारलं, “मॅडम, तुमी मधात मधात म्हाताऱ्या काहून होऊन राह्यल्या?” आणि पुढच्या ओढाताणीत वर्गच बंद पडला.

त्या दिवशी सासू-सुनेची थोडी तणातणी झाली. “एका गाडीत दोन बँड,” भिवाजी म्हणाला. “सोपं हाय.”

त्यानं गोठ्यातल्या खुंटीवरची बैलाच्या गळ्यातली जुनी पितळी घंटा उतरवली, चिंचेनं घासली, मधल्या खोलीच्या दारावर आतून टांगली. तिची दोरी झरोक्यातून ओढून पुढच्या ओट्यावर आणली. नियम असा: ज्याला खातं पाहिजे त्यानं ओट्यावर येऊन एक बेल द्यायची, म्हणजे बाकीच्यांनी थांबायचं, गाडीत सवारी आहे. काम झालं की डबल बेल, गाडी मोकळी. आणि पट्टी दिसली तरी डबल बेल झाल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. बापानं लावायचा नाही, आईनं लावायचा नाही.

“आन् तुमी?” दुर्गाबाईनं विचारलं.

“म्या नियम केला. मी कायले लावीन?”

हे वाक्य ध्यानात ठेवा.

उन्हाळा लागला आणि घरात एक बोलणं सुरू झालं. विनोदला कंपनीनं पुण्याला बोलावलं होतं. पद मोठं, पण गाव सोडायचं. वाशीमच्या जागेवर राहायचं तर रूपाचीही नोकरी हवी, एवढा साधा हिशोब नवराबायकोनं धरला. तेवढ्यात रूपाला एक जाहिरात दिसली. पुण्याचीच एक संस्था, परदेशात राहणाऱ्या मराठी घरांतल्या लहान पोरांना मराठी शिकवते. काम घरूनच, लॅपटॉपवर. रूपानं अर्ज केला आणि मुलाखत ठरली. घेतलं तर सगळे केनवडात. नाही घेतलं तर शाळा उघडायच्या आत विनोद, रूपा आणि चार वर्षांची निकिता पुण्याला.

विनोदनं हे बापाला सांगितलं तेव्हा भिवाजी म्हणाला, “जा ना मंग. पुणं काय वाईट हाय? चांगलं हाय.” आणि उठून गोठ्यात गेला.

निकिता म्हणजे त्याची रोजची सवारी. ओट्यावर पाट मांडून त्यांची बस निघायची. भिवाजीकडे तिकिटं टोचायचा जुना चिमटा होता. निकिता पळसाच्या पानांना भोकं पाडून तिकिटं द्यायची. आजोबाला नेहमी हाफ तिकीट, कारण त्याला दात कमी. त्या दिवशी तिनं विचारलं, “आबा, पुण्याले कितीचं तिकीट हाय?” भिवाजी म्हणाला, “ते गाडी आपल्या स्टँडवर थांबत नाई माय.”

मुलाखतीचा दिवस आला. विनोद कामावर गेला. जाताना त्यानं खात्यावरचं नाव बदलून ‘रूपा’ करून ठेवलं. दुर्गाबाईनं बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली, रूपानं हात जोडले. मधली खोली झाडून पुसून लॅपटॉप मांडला, निकितानं घुसू नये म्हणून दाराला आतून कडी घातली. ओट्यावरून भिवाजीनं स्वतः एक बेल दिली: टण.

आता त्याचं काम संपलं होतं. पण त्याच्यानं बसवेना. तो ओट्यावर आला, अंगणात गेला, खिडकीपाशी कान नेला.

“तुमी काय चोरी करून राह्यले का?” दुर्गाबाई सुपात डाळ पाखडत म्हणाली. “जा तिकडं म्हशीपाशी. तिच्यासंगं बोला.”

भिवाजी गोठ्यात जाऊन पेंढीवर बसला. म्हैस रवंथ करत होती. आत काय चाललं असेल? रूपा घाबरली असेल का? समोरचे काय विचारत असतील? आयुष्यभर सवय अशी की गाडी निघाली म्हणजे दर थांब्याला मागं-पुढं पाहायचं, सगळे बसले का. आणि आज सगळ्यात मोठी सवारी गाडीत, अन् कंडक्टर खाली.

त्यानं खिशातून फोन काढला. उघडला. आणि वरती ती पट्टी.

आता भिवाजीच्या डोक्यात काय आलं ते ऐका. त्याला वाटलं, रूपा बसली पुढच्या दारानं. आपण मागच्या दारानं हळूच चढावं, मागच्या सीटवर बसावं, एक नजर टाकावी आणि पुढच्या थांब्याला उतरून जावं. कोणाला कळणार? नियम काय तो ओढाताणीसाठी. आपण कुठं ओढतो आहोत? आपण फक्त पाहतो आहोत.

त्यानं पट्टीवर बोट ठेवलं.

खोलीत काय चाललं होतं ते रूपानं मागून सांगितलं. संस्थेच्या बाई आणि एक सर, दोघं समोर. त्यांनी पोरं व्हायचं आणि रूपानं त्यांना शिकवायचं, धडा ‘आपलं घर’. पण त्याआधी बाईंनी विचारलं होतं, “घरून वर्ग घ्यायचा म्हणजे घरातल्यांचा अडथळा होतो. आमच्या बऱ्याच शिक्षकांची तीच अडचण. तुमच्याकडे कसं?” रूपा म्हणाली होती, “आमच्या घरात शिस्त फार कडक आहे. माझे सासरे कंडक्टर होते.” मग तिनं धडा सुरू केला. चुलीचं चित्र दाखवलं. “मुलांनो, हे आहे आपलं स्वयंपाकघर, आणि इथे...”

आणि रूपा गेली. तिच्या जागी पडदाभर एक पांढरी मिशी. मिशीच्या मागं म्हशीचं तोंड. खाली नाव: रूपा. इतके दिवस भिवाजीच्या नावाखाली दुसरे दिसायचे, आज दुसऱ्याच्या नावाखाली भिवाजी.

फोनमध्ये दोन चेहरे आपल्याकडेच बघताहेत हे भिवाजीला दिसलं, आणि आपण मागच्या सीटवर नसून ड्रायव्हरच्या मांडीवर बसलो हे त्याला कळलं.

“जय भीम,” तो म्हणाला.

“जय भीम,” सर म्हणाले. “रूपाताई कुठे गेल्या?”

“ते अथीच हाय. गाडीतच हाय. मी चुकून चढलो.” मग त्यानं मान वर करून घराकडं हाक मारली, “रूपाऽऽ!” सरांनी झटक्यानं कानातला हेडफोन काढला. म्हशीनं ओ दिली. घरातून काही आवाज आला नाही.

इकडे बंद खोलीत रूपाच्या लॅपटॉपवर पट्टी आली होती. तिचं बोट पट्टीपर्यंत गेलं आणि थांबलं. कोणी घेतलं असेल? तिकडून पुन्हा ओढलं तर? मागच्या वेळी ओढता ओढता सगळा वर्गच बंद पडला होता. आज तसं झालं तर परत कोण बोलावणार? तिच्या डोळ्यात पाणी आलं, पण बोट तिनं मागं घेतलं. घरात डबल बेल होत नाही तोवर पट्टीला हात लावायचा नाही.

आणि गोठ्यात भिवाजीलाही नेमकं तेच आठवलं. पोरगी नियमाची पक्की आहे. ती पट्टीला हात लावणार नाही. बेल दिली पाहिजे, आणि दोरी पार पुढच्या ओट्यावर!

फोन बंद करावा तर मुलाखतच बंद पडायची. म्हणून तो फोन हातात धरून निघाला. आणि सवारी वाटेत अडकली की कंडक्टरनं गप्प बसायचं नसतं, लोक घाबरतात; म्हणून तो बोलत निघाला.

“घाबरू नका, दोन मिनिटांत सुटते. हे आमची म्हैस. जरा कान हलवते, बाकी गरीब हाय. हे वाळवण, कुरडया हायेत, यंदा चांगल्या झाल्या. हा रांजण. पाणी थंडगार. तुमी इकडं असते तर पेलाभर दिलं असतं. आन् हे...”

“अगाई! काय दाखवून राह्यले?” सूप घेऊन बसलेली दुर्गाबाई पदर सावरत ओरडली. “कोणासंगं बोलून राह्यले तुमी?”

“हे आमची मंडळी. डाळ पाखडून राह्यली. त्याले सूप म्हणतेत.”

“रूपाची मुलाखत हाय ना वो! तुमी काय केलं?”

“चुकलो. सरक जराशी, जाऊ दे.”

पुण्याच्या त्या दोघांना कधी आभाळ दिसत होतं, कधी छप्पर, कधी भिवाजीची चप्पल. ओट्याच्या पायरीवर निकिता पाट मांडून बसली होती. आजोबा पळत येतो पाहून तिनं लगेच पान पुढं केलं, “तिकीट घ्या!” भिवाजीनं पळता पळता तिकीट घेतलं, दोरी धरली आणि ओढली.

टण टण!

एवढी मोठी डबल बेल त्यानं भर बाजाराच्या दिवशीही कधी दिली नसेल. आत रूपानं पट्टी दाबली. भिवाजीच्या हातातला फोन काळा झाला. तो पायरीवर बसला. हातात पळसाचं पान.

“आबा, कुठं जायचं हाय?” निकितानं विचारलं.

“कुठीच नाई माय,” तो म्हणाला. “म्या गाडी पंक्चर केली.”

दुर्गाबाई सूप घेऊन येऊन उभी राहिली. दोघांनी खिडकीकडं कान लावला.

आतून बाईंचा आवाज आला, “ते कोण होते, रूपाताई?”

रूपा म्हणाली, “तेच माझे सासरे. हे खातं आम्ही घरातले चौघं वापरतो, म्हणून घरात घंटा बांधली आहे. त्यांचाच नियम, आणि आज त्यांनीच मोडला. पण बेलही त्यांनीच दिली.”

“आणि वर्ग चालू असताना असं झालं तर?”

“आत्ता केलं तेच करीन. बेल होईपर्यंत थांबेन, आणि जिथे थांबलं तिथून पुढे शिकवीन.” मग तिचा आवाज बदलला, शिकवणीतला झाला. “तर मुलांनो, आपला धडा काय होता? आपलं घर. मी चित्रं दाखवणार होते, पण आजोबांनी तुम्हाला खरंच घर दाखवलं. सांगा बरं, काय काय पाहिलं?”

आणि मग त्या सरांचा, मोठ्या माणसाचा, हळू आवाज, “म्हैस.”

“शाबास! म्हैस काय करत होती?”

“ओ देत होती.”

“आणि बाई, तुम्ही? तुम्ही काय पाहिलं?”

“रांजण. सूप. आणि... ते वाळत घातलं होतं ते काय?”

“कुरडया! म्हणा, कुरडया.”

“कुरडया,” दोघं एकदम म्हणाले, आणि हसण्याचा आवाज खिडकीतून बाहेर आला. भिवाजीनं दुर्गाबाईकडं पाहिलं. दुर्गाबाईनं पदर तोंडाला लावला होता. ती हसते की रडते कळेना, मग कळलं, दोन्ही.

रूपा कडी काढून बाहेर आली तेव्हा भिवाजी उभा राहिला. सासरा सुनेपुढं असा उभा राहिलेला त्या घरात कोणी पाहिला नव्हता.

“मामाजी,” रूपा म्हणाली, “तुमी नियम केला होता ना?”

“केला होता.”

“मंग काहून चढले?”

भिवाजीनं निकिताकडं पाहिलं. ती पुढच्या तिकिटाला भोक पाडत होती. “मले वाटलं,” तो म्हणाला, “पाहावं जरा, बसली का बरोबर.”

रूपानं त्याच्याकडं पाहिलं, आणि तिला बाकीचं सगळं न सांगता समजलं. “बसली,” ती म्हणाली. “आता उत्तर येईन तवा पाहू. तवर तुमचा फोन माह्यापाशी राहीन.”

त्याचा फोन तिनं खरंच ठेवून घेतला. त्या रविवारी जुन्या कंडक्टरांची बैठक भिवाजीशिवाय झाली, आणि म्हणे पहिल्यांदाच सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू आलं. उत्तर यायला लागले तेवढे दिवस त्यानं हॉटेलात कोणाला सरका म्हटलं नाही. लोकांनी दुर्गाबाईला विचारलं, कंडक्टरची तब्येत बरी आहे ना?

मग एका दुपारी संस्थेचं उत्तर विनोदच्या ईमेलवर आलं आणि त्यानं वाशीमहून फोन केला, तो नेमका रूपाच्या हातातल्या भिवाजीच्या फोनवर. रूपानं ऐकलं आणि फोन सासऱ्याच्या कानाला लावला. “बाबा, तिले घेतलं!” विनोद ओरडत होता. “मी पुण्याले नाई म्हणून कळवून राह्यलो.” भिवाजी उठला, ओट्यावर गेला आणि त्यानं डबल बेल दिली. मग परत एकदा. शेजारचे बाहेर आले. दुर्गाबाई म्हणाली, “हो हो, आयकलं गावानं, बसा आता.”

संस्थेनं रूपाला तिचं स्वतःचं वेगळं खातं दिलं. एक अट घातली, घरातल्या दुसऱ्या कोणी ते वापरायचं नाही. विनोदनं ते फक्त लॅपटॉपवर घातलं आणि बापाला बजावून सांगितलं की ह्याची पट्टी तुमच्या फोनवर कधीच येणार नाही. भिवाजीनं मान हलवली, पण त्याचं तोंड थोडं उतरलं. ज्या गाडीत आपल्याला बेलच नाही, तिचा कंडक्टर कसला?

पण पहिल्याच वर्गाला घोळ झाला. कुठकुठच्या देशांतली पोरं समोर येऊन बसली, आणि धडा सुरू करण्याआधी रूपा थोडी थांबली. तिचं तिलाच हसू आलं. ती उठली, कडी काढली, आणि ओट्यावर तिकीट काढत बसलेल्या सासऱ्याला म्हणाली, “मामाजी, बेल द्या ना. बेल झाल्याबिगर मले शिकवता येईना.”

आता तसंच चाललं आहे. संध्याकाळ झाली की भिवाजी पाट सरकवून दोरीपाशी येतो. परदेशातली ती पोरं लॅपटॉपसमोर गलका करत असतात, कोणाच्या हातात दूध, कोणी अजून पलंगावरच. रूपा कानावर हात ठेवते, म्हणजे ऐका. तिकडं सगळी चूप बसतात. इकडं ओट्यावर भिवाजी एकदा मागं पाहतो, एकदा पुढं पाहतो, निकिताकडून हाफ तिकीट घेतो आणि दोरी ओढतो.